रोजच्या वापरात मुक्त सॉफ्टवेअर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, दुकानदार, वाचनालयवाले, नातेवाईक सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येत असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत. कुठूनही वाचायला सुरुवात करा, क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट मिळतं तेच ना?

पैसे लागत नाहीत हे बहुतेक वेळा खरं, पण मुद्दा तो नाहीये. फोनवर फुकट मिळणारी ढीगभर ॲप्स आहेत ज्यांच्या आत काय चाललंय ते कंपनी सोडून कुणालाच बघता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला चार गोष्टींची परवानगी लेखी मिळते: हव्या त्या कामासाठी वापरा, आत कसं चालतं ते बघा आणि बदला, प्रत करून दुसऱ्याला द्या, आणि बदललेली प्रतसुद्धा वाटा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प (मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचा) जाहीर केला तिथून ही चळवळ धरतात, १९९१ला लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणाऱ्या मुक्त सिस्टीमचा, गाभा लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षी तो ग्नूच्याच जीपीएल परवान्याखाली आणला.

मला स्वतःला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मराठीच्या बाजूने. बंद सॉफ्टवेअरमध्ये मराठी कधी येणार, नीट दिसणार की नाही, हे सगळं कंपनीला परवडतं का त्यावर ठरतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आपल्यातलाच कुणीतरी बसून ती घालू शकतो, कुणाला विचारावं लागत नाही, आणि लोकांनी खरंच बसून घातलीय.

पण मी तर आजवर असलं काही वापरलेलं नाही.

वापरलंय, रोज वापरताय. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून ज्या मीडियाविकीवर चालतो ते मुक्त आहे. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे हार्फबझ, हे नाव कुणी ऐकलेलं नसतं पण तुम्ही आत्ता फोनवर "क्षेत्र" किंवा "दुसऱ्या" वाचताय तर ती जोडाक्षरं जुळवून दाखवायचं काम बहुतेक तेच करतंय, कारण अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांच्या आत ते बसवलेलं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या जागतिक पद्धतीत, "क", "्", "ष" असे सुटे तुकडे साठवलेले असतात, त्यांचा मिळून "क्ष" कुणीतरी करावा लागतो. ते काम करणारा कोड खुला आहे म्हणूनच इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी मराठी सारखी दिसते.

मग सुरुवात कशी करू? थेट लिनक्सच टाकू का?

नका टाकू. आधी आहे त्याच विंडोजवर एकेक प्रोग्राम बदलत जा, म्हणजे काही अडलं तर जुना प्रोग्राम शेजारीच असतो. ब्राउझरसाठी फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन घाला, जाहिरातींचा पसारा एकदम कमी होतो. व्हिडिओला व्हीएलसी, झिप उघडायला सेव्हन-झिप, पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी, ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस. ई-पुस्तकं वाचत असाल तर कॅलिब्रे घ्याच, कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ साली सुरू केलेलं आहे आणि तेव्हापासून तो ते सांभाळतोय.

दोन-तीन महिने हे अंगवळणी पडू द्या. हेच सगळे प्रोग्राम लिनक्सवरही आहेत, त्यामुळे पुढे कधी लिनक्स घेतलंच तर नवीन शिकायला फार थोडं उरतं.

हे सगळं डाउनलोड कुठून करायचं?

फक्त त्या त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून. गुगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर "प्रायोजित" म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, तिथे बऱ्याचदा नकली साइट असते आणि प्रोग्रामसोबत भलतंच काहीतरी घरात येतं. साइट प्रोग्रामसाठी पैसे मागत असेल किंवा कार्डाचा नंबर विचारत असेल तर जागा चुकली असं समजा, खऱ्या साइटवर देणगीचं बटण असतं पण ती न देताही डाउनलोड होतं. २०२२मध्ये व्हीएलसीची अधिकृत साइट भारतात काही महिने उघडतच नव्हती, नोव्हेंबरमध्ये ती परत सुरू झाली. अशा वेळीही मिळेल तिथून उचलायचं नसतं.

माझं एमएस-सीआयटी झालंय, तिथे वर्ड आणि एक्सेलच शिकवलं. लिबरऑफिस जमेल का?

जमेल. पत्र, अर्ज, मार्कांची यादी, सोसायटीचा जमाखर्च, लग्नाच्या आमंत्रितांची यादी, घरातली आणि छोट्या ऑफिसातली कामं सगळी होतात. रिबनची सवय असेल तर व्ह्यू मेनूत यूजर इंटरफेसमध्ये जाऊन टॅब्ड निवडा, ओळखीचं वाटायला लागेल. एक्सेलमधलं एक्सलूकअप फंक्शन नाही अशी जुनी तक्रार होती, ते २४.८ या आवृत्तीपासून आलेलं आहे.

आता अडतं कुठे तेही सांगतो. एक्सेलमध्ये मोठमोठे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहिलेले असतील तर ते जसेच्या तसे चालतील याची खात्री नाही. आणि वर्डची फाइल समोरच्याने भरपूर टेक्स्ट बॉक्स वगैरे टाकून सजवलेली असेल तर मजकूर थोडा सरकतो. म्हणून माझी पद्धत अशी की जे फक्त वाचायला किंवा छापायला द्यायचं ते पीडीएफ करून द्यायचं, ज्यात समोरचा बदल करणार आहे ते डॉकएक्स म्हणजे वर्डची फाइल म्हणून सेव्ह करायचं, आणि स्वतःचं मूळ ओडीएफ या लिबरऑफिसच्या नेहमीच्या फाइल प्रकारात ठेवायचं. ओडीएफ हा २००६पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मानक आहे, त्याची रचना जाहीर आहे, त्यामुळे वीस वर्षांनी कुठली कंपनी राहो न राहो ती फाइल उघडणारं काहीतरी असेलच.

लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलतच नाही, असं का?

हा प्रश्न इतका येतो की कधीकधी लोक यावरूनच लिबरऑफिस सोडून देतात, फार वाईट वाटतं. झालंय असं की लिबरऑफिस देवनागरीला इंग्रजीपासून वेगळं धरतं, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणजे सीटीएल नावाच्या गटात. त्यामुळे फॉरमॅट मेनूत कॅरॅक्टर उघडलं की फॉन्टच्या वेगवेगळ्या जागा दिसतात, त्यातली सीटीएलची जागा मराठीची, तिथे फॉन्ट आणि साइज दोन्ही टाका. कायमचं करायचं असेल तर टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे भाषांच्या विभागात सीटीएलसाठी मराठी निवडा, हिंदी ठेवू नका, कारण काही फॉन्टमध्ये "ल" आणि "श" यांचं मराठी वळण मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावरच उमटतं. हे एकदा केलं की परत बघावं लागत नाही. शुद्धलेखन तपासणीही मराठीत आहे, हनस्पेल या मुक्त प्रोग्रामवर चालते, पण आपल्या शब्दांना विभक्ती लागून इतकी रूपं होतात की बरोबर शब्दाखालीसुद्धा लाल रेघ येते, तेवढं समजून घ्या आणि आपले शब्द त्यात भरत जा.

टायपिंग कसं करायचं? आणि "दुसऱ्या"मधला तो र येत नाही.

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी शिका असंच मी प्रत्येकाला सांगतो. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस हात अडखळतो, पण विंडोज, लिनक्स सगळीकडे तीच मांडणी असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. "दुसऱ्या"साठी शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्ता असलेला ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा, मग य. इंग्रजी स्पेलिंगने लिहायची सवय असेल तर लिनक्समध्ये आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याच्यासोबत एम१७एन बसवा, त्यात मराठी फोनेटिक आहे. फोनसाठी इंडिक कीबोर्ड म्हणून मुक्त कीबोर्ड आहे, त्यातही मराठी मिळते.

आमच्या संस्थेच्या जुन्या फाइल उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली असायची, फॉन्ट गेला की मराठी गेली. तो फॉन्ट ज्या संगणकावर अजून आहे तिथे फाइल उघडून आधी पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येईल, मग कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि कुणाकडून तरी तपासून घ्या कारण रफार आणि वेलांट्या इकडेतिकडे होतात. कागदच उरला असेल तर स्कॅन करून टेसरॅक्ट हा प्रोग्राम वापरून बघा, तो चित्रातली छापील मराठी ओळखून मजकूर करतो. मूळचा एचपीमध्ये बनलेला, २००५ला खुला झाला. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो, हस्तलिखितावर मात्र वेळ घालवू नका.

हे काम टाळू नका असं मनापासून सांगतो. स्मरणिका, गावाचा इतिहास, मंडळाची इतिवृत्तं असं कितीतरी लेखन अशा फाइलींमध्ये अडकून पडलंय, आणि ते टाइप करणारी माणसं आता निवृत्त होतायत.

सरकारी फॉर्मसाठी पीडीएफ जोडणं, फोटो ५० केबीच्या आत आणणं, हे कशात करू?

कृपा करून आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुक अनोळखी साइटवर अपलोड करून "मर्ज" करत बसू नका. पीडीएफ अरेंजर नावाचा छोटासा प्रोग्राम आहे, पानं जोडणं, काढणं, फिरवणं, क्रम लावणं सगळं आपल्याच संगणकावर होतं, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. फोटोसाठी गिंप उघडा, आधी इमेज मेनूतून स्केल करा, मग जेपीईजीमध्ये एक्सपोर्ट करताना क्वालिटीची पट्टी येते, तिथे प्रिव्ह्यूवर टिक केली की फाइल किती केबीची होणार ते लगेच दिसतं, पट्टी सरकवत हवा तो आकडा गाठायचा. सायबर कॅफेवाल्यांनी तर हे शिकून घ्यावंच, लोकांची कागदपत्रं त्यांच्या हातात असतात.

आमच्या घरात एकाला दिसत नाही. त्याच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि हे उत्तर मी सगळ्यांना आवर्जून सांगत असतो. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बसवा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ला तो सुरू केला, पुढे जेम्स टेह त्यांच्याबरोबर आले, दोघेही स्वतः दृष्टिहीन आहेत. त्याआधी चांगला स्क्रीन रीडर म्हणजे हजारो रुपयांची गोष्ट होती, गरिबाघरच्या मुलाने संगणकाचं नावच काढायला नको. एनव्हीडीएला एक रुपया लागत नाही, सोबत ईस्पीक हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, ऐकायची सवय करावी लागते, पण एकदा कान बसला की वेग वाढवून ऐकणारे लोक भराभर कामं करतात. पेनड्राइव्हवर पोर्टेबल प्रतसुद्धा ठेवता येते, म्हणजे कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या संगणकावरही आपला आवाज आपल्याबरोबर. लिनक्सवर याच कामाला ऑर्का आहे.

लॅपटॉप जुना आहे, विंडोज ११ चालत नाही म्हणतो. भंगारात देऊ?

देऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट असलेली लाखो यंत्रं एकदम जुनी ठरली. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आरामात चालते. हार्ड डिस्क फिरणारी असेल तर ती काढून साधी एसएसडी घाला, सगळ्यात जास्त फरक त्याने पडतो.

करायचं कसं तर आधी सगळे फोटो आणि फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि खरंच घेतलं गेलंय ना ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग पेनड्राइव्हवर मिंट चढवा, रूफस किंवा व्हेंटॉय वापरून, आणि त्या पेनड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करा. अजून काहीही इन्स्टॉल केलेलं नाही, नुसतं चालवून बघताय. वायफाय लागतो का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर, झाकण मिटून परत उघडल्यावर जागा होतो का, सगळं तपासा. पटलं तरच इन्स्टॉलवर क्लिक करा.

लिनक्सवर काय चालत नाही ते खरं सांगा.

टॅली थेट चालत नाही. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवाल्या सह्या, टेंडर भरणं वगैरे लिनक्सवर डोकेदुखी होते, सीए आणि कंत्राटदारांनी विंडोजचं एक मशीन ठेवावं. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ नाही. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर लावायला खटपट लागते, उलट एचपीचे बरेचसे प्रिंटर जोडले की चालतात. बँकेच्या साइट, रेल्वेचं बुकिंग, यूट्यूब हे ब्राउझरमध्ये नेहमीसारखं.

धंद्यासाठी टॅलीशिवाय काही बघायचं असेल तर ईआरपीनेक्स्ट बघा, मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं आहे, जीपीएल परवान्याखाली. एकट्या किराणा दुकानाला ते जड होईल, पण पाच-पन्नास माणसांच्या कारखान्याला साठा, खरेदी, पगार, हिशेब एकत्र ठेवायला चांगलं आहे.

क्रॅक केलेलं सगळं आहे माझ्याकडे, चालतंय की. मग कशाला बदलू?

क्रॅक लावताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात ना, तिथेच थांबून विचार करा. ज्याने तो क्रॅक बनवला त्याला तुमच्या संगणकावर वाट्टेल ते करायची परवानगी तुम्ही स्वतःच्या हाताने देताय, आणि त्याच संगणकावर नेट बँकिंग चालतं. शिवाय चोरीच्या प्रतीला अपडेट नीट मिळत नाहीत. शाळेत मुलांसमोर तर क्रॅक वापरूच नये असं माझं ठाम मत आहे.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरांनाही दिसतो. मग सुरक्षित कसं?

प्रश्न रास्त आहे आणि "खुलं म्हणजे सुरक्षितच" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. २०१४चा हार्टब्लीड दोष ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोनेक वर्षं कुणाच्या नजरेत आला नव्हता. २०२४ला तर फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रकल्पात कुणीतरी खोट्या नावाने बराच काळ काम करून, सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवून चोरदरवाजा घुसवला. तो सापडला कसा तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दूरच्या मशीनवर लॉगिन होताना साधारण अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने खोदून काढलं आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. बंद सॉफ्टवेअर असतं तर बाहेरच्या माणसाला खोदायला आत जाताच आलं नसतं. दोष दोन्हीकडे असतात, इथे शोधायची मुभा सगळ्यांना आहे. आपण आपल्या बाजूने अपडेट वेळेवर करायचे.

फुकट देतात तर यांचं पोट कशावर चालतं?

वेगवेगळं आहे. रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी इतर कंपन्यांना सेवा विकते, आयबीएमने तिला २०१९मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतलं. फायरफॉक्सचा बराचसा पैसा गुगलला सर्चमध्ये जागा दिल्याबद्दल मिळतो, ही गोष्ट मला स्वतःला काळजीची वाटते. लिबरऑफिसमागे जर्मनीतली संस्था आहे आणि देणग्या आहेत. आणि कितीतरी छोटे प्रकल्प एखादा माणूस नोकरी सांभाळून रात्री चालवतो, एक्सझेडसुद्धा तसाच होता. म्हणून जमेल तेव्हा शे-दोनशे रुपये द्यावेत.

फोनवर काय काय घेता येईल?

एफ-ड्रॉइड हे फक्त मुक्त ॲप्सचं दुकान आहे. तिथून अँटेनापॉड पॉडकास्टसाठी, कीपासडीएक्स पासवर्डसाठी, केडीई कनेक्ट फोन आणि संगणकात फाइल फिरवायला. गावाकडे नेट नसतं तिथे किविक्स घ्या, मराठी विकिपीडिया अख्खा फोनमध्ये उतरवता येतो. फोनची रॉम म्हणजे मूळ सिस्टीमच बदलायच्या भानगडीत मात्र रोजच्या फोनवर पडू नका, बँकेची ॲप्स चालायची बंद होऊ शकतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स घ्यावंच. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून ठेवला की रेंज नसतानाही पायवाट दिसते. किल्ल्यांवरच्या वाटा, टाकी, गुहा फिरणाऱ्या लोकांनीच नकाशावर भरलेल्या असतात. तरी पाण्याचं टाकं नकाशावर आहे म्हणून त्यात उन्हाळ्यात पाणी असेलच असं धरून चालू नका, आणि पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय वर जाऊ नका.

दिवाळी अंक किंवा पत्रिका यात बनवता येते का?

येते. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस १.६ घ्या, त्याच्या आधीच्या १.४मध्ये जोडाक्षरं तुटायची, आता नीट येतात. पत्रिका, बॅनर, लोगो यासाठी इंकस्केप. फॉन्टची तर चंगळ आहे, मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने बनवलेले "मुक्त" (Mukta), "बालू", "मोदक" नावाचे फॉन्ट सगळे ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, छापील अंकात बिनधास्त वापरा. प्रेसवाल्याला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच घातलेली पीडीएफ द्यायची.

आपल्याकडे कुणी मोठ्या प्रमाणावर वापरतं का?

केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर आहेत. देशातल्या जिल्हा न्यायालयांच्या संगणकांवर उबंटू हा लिनक्सचाच प्रकार आहे. केंद्र सरकारने २०१५ला सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. कॉलेजच्या ग्रंथालयांत कोहा हे ग्रंथालय सांभाळायचं मुक्त सॉफ्टवेअर दिसेल. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठीतही आहेत, शिक्षकांना मी तेच सुचवतो.

मला कोडिंग येत नाही. माझा काय उपयोग?

खूप आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करण्याच्या उपक्रमात मराठी आहे, तिथे वाक्यं वाचून आवाज द्या, आणि कोल्हापूर, नागपूर, मालवण, खानदेश अशा सगळ्या भागांतून द्या, नाहीतर यंत्राला एकाच भागातली मराठी कळेल. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसचे मेनू मराठीत करायचं काम ब्राउझरमध्येच बसून होतं, तिथे अवघड संस्कृत शब्द घालू नका, लोक बोलतात ते घाला.

सगळ्यात सोपं म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. खातं काढा, आपलं गाव उघडा, एडिट दाबा. गावाचं नाव बहुतेक इंग्रजीत असेल, त्याच्या खाली भाषा जोडायची सोय आहे, तिथे मराठी निवडून देवनागरीत नाव लिहा. मग वाड्या, वस्त्या, ओढा, एसटीचा थांबा, दवाखाना. वाडीचं नाव लोक ज्या उच्चाराने घेतात तसंच लिहा, शंका असेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, आणि दुसऱ्या नकाशावरून बघून उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही.